दुष्फेन

टॉवरखाली मोटरसायकल लावत नाही आता कोणी.
तुषार उडतात, वाळतात,
सकाळी टाकीवर देवीच्या वणांसारखे
पांढरे ठिपके.

जालना एमआयडीसी, रात्रपाळी.
मुंजाजी खिल्लारे दोन बाटल्या आणून ठेवतो टेबलावर.

एक भट्टीच्या कॉइलमधली. हे कोंडलेलं पाणी.
ऊन पाहिलेलं नाही, वारा माहीत नाही,
क्षार काढून काढून इतकं कोरं केलेलं
की वीजही त्यातून जायला कंटाळते.
वितळत्या लोखंडाला वळसा घालून येतं,
गरम होतं, निवतं, पुन्हा जातं.

दुसरी टॉवरची. हे मोकळं.
जाळ्यांवरून फुटत पडतं,
थोडं स्वतःतलं आभाळाला देऊन टाकतं
आणि त्या देण्यानंच थंड होतं.
जातं ते निखळ पाणी.
चुना मागे राहतो, मीठ मागे राहतं,
फेऱ्याफेऱ्याला उधारी दाट होत जाते.

"तिसरं बी असतंय, मॅडम."
मुंजाजी तीन महिने किनाऱ्यावरच्या एका प्लांटात होता.
"एका तोंडानं समुद्र आत घ्यायचा,
दुसऱ्यानं सोडून द्यायचा. फेरा न्हाई, हिशोब न्हाई.
जाळीला मासे अडकायचे, तेवढीच कटकट."
मग कुंडलिकेकडं हात करतो. अंधारात नदी दिसत नाही,
दिवसाही फारशी दिसत नाही.
"आपल्याकडलं पाणी म्हंजे सालगडी.
एकदा ठेवलं, की वर्षभर राबवायचं."

मी पन्नास मिली मोजते. बफर. चिमूटभर पूड.
पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल.
ब्युरेटची तोटी सैल करते.
थेंब.
थेंब.
एकतीस मिलीवर, एकाच थेंबात, निळं.

"सहाशे वीस. पाचवा फेरा कधीच उलटला.
ब्लोडाउन करा."
"सोडायला काय, सोडतो. भरायचं काय?
टँकर चारपासून येतोच हाय."
शिफ्ट इन्चार्ज फोनवर म्हणतो, केमिकल वाढवा.
वाढवते.
नळीला खपली धरू नये म्हणून एक,
लोखंड झिजू नये म्हणून एक,
आणि रात्री एकला क्लोरीन,
कारण उन्हात ते टिकत नाही
आणि शेवाळाला सुट्टी नसते.

तेव्हा मुंजाजी खिशातून
इंजेक्शनची रिकामी बाटली काढतो.
आत खडा. ज्वारीच्या दाण्याएवढा, मातकट.
"सोमवारी पडला. डॉक्टर म्हणला, पाणी बदला.
कामून हसायला, म्हणलं, तर ते हसतच होतं."

माझ्याकडे एक्स्चेंजरच्या नळीतून खरवडलेली खपली आहे,
कागदाच्या पुडीत, वर तारीख.
तो खडा तिच्याशेजारी ठेवतो.
"बगा बरं, एकच हाय का?"

आसिडचा एक थेंब खपलीवर.
फसफसते, फेस धरते, अर्धी होते.
एक थेंब खड्यावर.
गप्प.
सातवीत, परतूरच्या शाळेत पाठ केलेला शब्द
उगाच जिभेवर येतो.

"हा निराळा आहे," मी म्हणते.
मुंजाजी जरा खट्टू होतो,
चौदा वर्षं ज्या पाण्यामागे फिरला
त्याच्याशी नातं निघालं असतं तर
बरं वाटलं असतं बहुतेक.

आर.ओ.चं पाणी कॉइलला जातं.
कॅन्टीनच्या माठात बोअर.
माझ्या वहीत कॉइलचा रकाना आहे, टॉवरचा आहे,
टँकरचा आहे, सांडपाण्याचाही.

फ्लास्क विसळते.
"माठातलं आणा जरा. पन्नास मिली."
"वहीत कुठं लिहिणार?"
"आणा तर."

स्टीलच्या तांब्यातून आणतो, सांडू न देता.
बफर. पूड. लाल.
मी थेंब सोडते, तो आकडे वाचतो,
वाकून, नाक काचेला लावून.
एकतीस.
बत्तीस.
अजून लाल.